ऑर्बिटल सँडरने गोल चरे पडतायत? मशीनला शिव्या द्यायच्या आधी या चुका बघा

ऑर्बिटल सँडरने, म्हणजे गोल पॉलिश पेपर लावून लाकूड घासायच्या मशीनने, टेबल घासलं आणि पॉलिशचा पहिला हात मारला की टॉपवर बारीक बारीक वेटोळी उठून दिसायला लागतात, आणि मग मशीन भंगार आहे, थिनर जास्त पडलं, लाकूडच ओलं होतं असं सगळं सुरू होतं. बहुतेक वेळा घोळ डिस्कचा (म्हणजे त्या गोल पेपरचा) नाहीतर ती चालवणाऱ्या हाताचा असतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दाबणं. हाताने पॉलिश पेपर मारायची सवय असलेली माणसं मशीनवर पण अंगाचा भार टाकतात, वाटतं पटापट निघेल. होतं उलटंच. ही डिस्क बारीक गोलाईत थरथरते आणि त्याच वेळी स्वतःभोवती पण फिरत राहते, या दोन्हीमुळे चरे एकमेकांत मिसळून दिसेनासे होतात, पण जोर दिला की स्वतःभोवती फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते आणि वेटोळी उमटतात. पॅडच्या (डिस्क चिकटते त्या गोल तळाच्या) कडेला मार्करने एक उभी रेघ मारून ठेवा, मशीन लाकडावर चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे, अडकली की हात हलका करा. मशीनचं वजन आणि वर टेकवलेला हात, बास. सरकवायचं पण सावकाश, सेकंदाला साधारण एक इंच, कंटाळा येतो पण तोच स्पीड बरोबर आहे. आणि हवेत फुल स्पीडला फिरणारी डिस्क लाकडावर टेकवू नका, कड आधी लागते आणि चंद्रकोर पडते.

दुसरी चूक पेपरचे नंबर गाळायची, नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. 80 ने घासलं आणि थेट 220 लावला, तर 80 चे खोल चरे 220 काढूच शकत नाही, वरवर गुळगुळीत लागतं आणि पॉलिश बसलं की सगळं वर येतं. 80, 120, 180, 220 असं जा. प्रत्येक नंबरच्या आधी पेन्सिलने लाकडावर आडव्यातिडव्या रेघोट्या मारा, त्या सगळ्या गेल्या की मगच पुढचा नंबर, आणि मधे ब्रशने किंवा व्हॅक्यूमने धूळ काढाच, कारण 80 चा एक सुटा दाणा 220 च्या खाली सापडला तरी नवीन चरा तयार. मोबाईलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, जे पॉलिशनंतर दिसणार असतं ते आत्ताच दिसेल. हे सगळं सॉलिड लाकडाचं हां. सागाच्या व्हिनियरवर, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या पातळ लाकडाच्या थरावर, 80 लावायचाच नाही, तो थर बऱ्याचदा अर्धा मिलीमीटर पण नसतो, खालचा प्लाय कधी उघडा पडला ते कळतही नाही. तिथे 180 पासून सुरू, ते पण अगदी हलक्या हाताने.

धूळ ओढून घेणाऱ्या भोकांकडे कोण बघतच नाही. 125 मिमीच्या बऱ्याच पॅडना 8 भोकं असतात, पण दुकानात स्वस्त पडतात म्हणून बिनभोकाच्या किंवा वेगळ्या पॅटर्नच्या डिस्क आणल्या जातात, मग धूळ खालीच अडकते, डिस्क तापते आणि पॅडवरचे वेल्क्रोचे आकडे वितळून बसतात. नंतर डिस्क उडायला लागली की फेविक्विक लावणारे महाभाग पण आहेत! पॅड वेगळं मिळतं, ते बदला.

सागवानात तेलकटपणा असतो आणि जुना रंग गरम झाला की चिकट होतो, त्यामुळे दोन्हीवर डिस्क लवकर भरते. अशा कामाला पांढरट कोटिंगवाली डिस्क घ्या, तिच्यावर भुसा कमी चिकटतो. भरलेली डिस्क क्रेप रबराच्या तुकड्यावर चालवली तर बरीच साफ होते, जुन्या चपलेचा क्रेप सोल पण चालतो. साफ करूनही बोटाला दाणा लागत नसेल तर फेकून द्या. झिजलेला 120 म्हणजे 220 नाही, तो नुसता लाकूड तापवून चकचकीत करतो आणि मग लाकूड स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) एकीकडे पितं, दुसरीकडे नाही.

पावसाळ्यात कागदी डिस्क दमट होऊन वळतात, हवाबंद डब्यात ठेवा. वायरवाल्या सँडरने पाणी लावून घासू नका, गॅरेजमधे जे ओलं घासताना दिसतं ते हवेवर चालणारं मशीन असतं किंवा हाताने चालू असतं, विजेवर तो प्रयोग म्हणजे शॉकला आमंत्रण.

धुळीला एन95 मास्क लावा, रुमाल बांधून काही होत नाही. आणि जुन्या वाड्याचं रंगवलेलं दार असेल तर थांबा जरा. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत कितीही शिसं असू शकतं, आणि सँडर ते बारीक पूड करून घरभर उडवतो. तिथे रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडा, पोरांना लांब ठेवा, आणि सँडर उघड्या लाकडावरच काढा.