आईसोबत घरी केलेले मोझॅकचे टेबल: उलट्या बाजूने तुकडे बसवण्याची पद्धत

मोझॅकच्या टेबलावर चहाचा कप डगमगत असेल, तर नक्षी कितीही देखणी असली तरी ते टेबल कोपऱ्यातच पडून राहते. म्हणून सपाटी सर्वांत महत्त्वाची आहे. टाइलचे तुकडे थेट प्लायवर चिकटवण्यापेक्षा ते कागदावर उलटे मांडून मग पलटवण्याची पद्धत मला अधिक खात्रीची वाटते, कारण त्यात सर्व तुकड्यांच्या वरच्या बाजू एका पातळीत येतात. ती एकट्याने जमत नाही. सांगलीच्या आमच्या घरी हे काम मी आईसोबत केले आणि पुढील कृती त्याच अनुभवाची आहे.

पायासाठी ६० × ६० सेंटिमीटरचा, १९ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्यावा. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः चारही कडांना प्रायमर लावावा, कारण पावसाळ्यातील दमट हवेत प्लाय कडेपासून फुगू लागतो. तयार टेबलाचा वरचा भागच १० ते १२ किलोंचा होतो, त्यामुळे वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्यावा. तो खालून बसवण्याचे स्क्रू १५ मिलिमीटरहून लांब नसावेत.

टाइल्सच्या दुकानात फुटक्या टाइल्स स्वस्तात, कधी फुकटही मिळतात. भिंतीच्या सिरॅमिक टाइल्स निवडाव्यात. जुन्या मोझॅक फरशीचे तुकडे जाड आणि जड असतात, ते येथे नकोत. टाइल गोणपाटात गुंडाळून हातोडीने हलकेच फोडावी, नेमका आकार निपरने, म्हणजे टाइल तोडण्याच्या पकडीने द्यावा. या वेळी चष्मा आणि हातमोजे घालावेतच. तुकडे दोन ते तीन सेंटिमीटरचे ठेवावेत. फोडण्याचे काम मी केले आणि रंगांची निवड आईने. सुपात तुकडे पसरून जवळजवळच्या निळ्या छटा वेगळ्या करण्याची तिची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे.

पलटवल्यावर डावे उजवीकडे जाते, म्हणून अक्षरे किंवा एका बाजूला झुकलेले चित्र असल्यास ते कागदावर उलटे काढावे लागते. दोन्ही अंगांनी सारखी असणारी ठिपक्यांची रांगोळी घेतली, तर हा प्रश्नच उरत नाही. आईने खाकी कागदावर पट्टीने ठिपके आखले आणि रांगोळी जोडली.

तुकडे कागदावर चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी, कारण ती नंतर पाण्याने सुटते. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवावा, त्यात आणखी चार वाट्या पाणी घालून मंद आंचेवर खळ चकाकेपर्यंत ढवळावी. पुस्तके बांधणारे त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालतात; ते विषारी असते आणि येथे त्याची गरजही नाही. प्रत्येक तुकडा चकचकीत बाजू खाली करून, दोन ते तीन मिलिमीटरची फट ठेवून चिकटवावा आणि कागद रात्रभर वाळू द्यावा.

दुसऱ्या दिवशी प्लायवर चालणारे, पॉलिमर असलेले टाइल अॅढेसिव्ह दातेरी थापीने साधारण तीन मिलिमीटर जाडीचे पसरावे. कागदाखाली दुसरी फळी सरकवून दोघांनी दोन बाजूंनी कागदासह ती घट्ट धरावी, एका दमात पलटवावी आणि तुकडे अॅढेसिव्हवर येतील अशी टेकवावी. वरून फळीने सर्वत्र सारखे दाबून पाणसळीने सपाटी तपासावी. अर्ध्या तासाने कोमट पाण्याच्या स्पंजने कागद भिजवावा. तो वर ओढू नये, पृष्ठभागालगत मागे दुमडत सावकाश सोलावा. ओल्या कागदाखालून रंगांच्या कडा उघडत जातात, आणि एखादा तुकडा सरकला असेल तर तो याच वेळी बोटाने जागेवर आणता येतो. त्यानंतर २४ तास टेबलाला हात लावू नये.

खळीचा अंश पुसून मगच तुकड्यांमधल्या फटींत ग्राउट, म्हणजे सांधे भरण्याचा मसाला भरावा. आमच्यासारख्या हळदीच्या पेठेतील घरात पांढऱ्या ग्राउटवर पिवळे डाग पडणारच, म्हणून गडद राखाडी रंग घ्यावा किंवा थोडा अधिक खर्च करून इपॉक्सी ग्राउट वापरावे. ते कामाला अवघड असले तरी डाग शोषत नाही. सिमेंटचे ग्राउट रबरी पट्टीने तिरके ओढत भरावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने पुसावे. स्पंजात पाणी जास्त राहिले, तर रंग फिका पडतो. पुढचे दोन दिवस टेबल सावलीत ठेवून सांधे अधूनमधून ओलसर करावेत. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नये, कारण ग्राउट घाईने वाळून त्याला चिरा पडतात. शेवटी सागवानी पट्टीने कडा बंद करून तिला वॉर्निश द्यावे, पण त्याआधी पट्टीचा वरचा काठ टाइलच्या पातळीहून किंचितही वर राहिला असेल तर तो पॉलिश पेपरने घासून घ्यावा.