मिरचीचा मजूर कोणत्या कायद्यात बसतो? मानवी हक्कांच्या एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) येणाऱ्यांसाठी

मानवी हक्क आणि स्थलांतराचा कायदा घेतला की पहिल्या सेमिस्टरभर १९५१ चा निर्वासित करार डोक्यात भरतात. मग डेझर्टेशनची, म्हणजे शोधप्रबंधाची वेळ येते आणि आपल्याकडचं पोरगं आपल्याच भागातला विषय उचलतं. धान निघालं की गडचिरोलीकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला जातात, तो. विषय सोन्यासारखा आहे, मीही तोच घेतला होता. पण राजेहो, खड्डा इथेच आहे.

सगळ्यात आधी विचारा, माणसाने ओलांडली ती सीमा कोणती? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी कशापायी छळ होईल या रास्त भीतीने देश सोडला, तर १९५१ चा करार. कामासाठी देश सोडला, तर स्थलांतरित कामगारांचा १९९० चा करार. भारत या दोन्हींत सामील नाही. आणि असता तरी प्राणहिता नदी ओलांडून तेलंगणात गेलेली बाई त्यांत बसली नसती, कारण १९९० च्या कराराचं कलम २ परक्या देशात काम करणाऱ्याबद्दलच बोलतं. तिच्यासाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. मेळघाटातून अमरावतीकडच्या वीटभट्टीवर गेलेला कोरकू मजूर मात्र त्यातही नाही. त्याने राज्य सोडलेलंच नाही. त्याचं भांडण किमान वेतनाचं, नाहीतर १९७६ च्या वेठबिगार कायद्याचं. हे न पाहता लिहिलेलं माझं अख्खं प्रकरण कापलं गेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

राज्याची सीमा ओलांडली म्हणूनही काम भागत नाही. १९७९ च्या कायद्यात ठेकेदारामार्फत गेलेलाच मजूर धरला जायचा. नवी संहिता स्वतःहून गेलेल्यालाही धरते, पण मासिक वेतन १८,००० रुपयांपर्यंत असेल तर, आणि आस्थापनेत, म्हणजे कामाच्या ठिकाणी, असे १० किंवा जास्त मजूर असतील तर. आता मिरचीचं शेत ही आस्थापना होते का? यावर एक प्रकरण सहज उभं राहतं. म्हणून गावात गेल्यावर 'तुमच्यावर अन्याय होतो का' असलं काही विचारू नका. उचल कोणी दिली, गाडी कोणाची होती, हिशेब कोणाच्या वहीत, हे विचारा. कलम त्यावरून ठरतं. आणि मुकादम बाजूला बसलेला असताना तर तोंडच उघडू नका.

टेलिग्रामवरच्या नोट्सवर माझा राग आहे. कित्येकांत अजून १९४६ चा परकीय नागरिक कायदाच शिकवतात. त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, सप्टेंबरपासून लागूही झाला. नव्या कायद्याचा मूळ मजकूर सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, तोच वाचा.

निर्वासितांवरच लिहायचं असेल तरी घाबरू नका. करार नाही म्हणून हात रिकामे नाहीत. राज्यघटनेचं कलम १४ आणि २१ 'व्यक्ती'ला संरक्षण देतं, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याच आधारावर तिथल्या राज्य सरकारला खडसावलं. दिल्लीलाही पळायला नको. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी वसाहत आहे. १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेले तिबेटी जन्मानेच नागरिक, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं, आणि नंतर जन्मलेल्यांचं काय, इथूनच विषय सुरू होतो.

गाइड निवडताना नाव पाहू नका. मसुदा लाल करून पंधरा दिवसांत परत देणारा पाहा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे सरू नका, निकाल सावकाश वाचला तरी चालतो. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर भागवलं तर मात्र व्हायव्हात पकडले जाल.