ब्लॉकलिस्टवरून भांडायच्या आधी तिचं उत्तर वाचा

मेल सर्व्हर नव्याने अंगावर पडला असेल, तर हा वाद तुमच्याही वाट्याला येणार आहे. समोरचा ॲडमिन फोनवर तापलेला असतो: आमची मेल का परत पाठवता? आपल्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की त्याचा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) स्पॅमहॉस या संस्थेच्या झेन ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे ज्यांची मेल घेऊ नये अशा पत्त्यांच्या यादीत, सापडला. तो म्हणतो, मी आत्ताच तपासलं, नाहीये. माझ्या बाबतीत दोघंही खरं बोलत होतो, आणि तरीही आम्ही दिवसभर भांडलो.

लिस्टला आपण डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या यंत्रणेतून, विचारतो. आयपी नोंदलेला नसेल तर 'असं नाव नाही' एवढंच येतं. असेल तर १२७.०.० ने सुरू होणारं उत्तर येतं: शेवटी २ असेल तर स्पॅमचा उगम, ४ म्हणजे बाधित मशीन, १० किंवा ११ म्हणजे थेट मेल पाठवायची नसते असे, बहुतेक घरगुती कनेक्शनचे पत्ते. पण १२७.२५५.२५५.२५४ आलं तर? त्याचा त्या आयपीशी काडीचाही संबंध नाही. 'तुम्ही सार्वजनिक रिजॉल्व्हरमधून विचारताय, आम्ही सांगणार नाही' एवढाच त्याचा अर्थ. (रिजॉल्व्हर म्हणजे आपल्या वतीने डीएनएसला विचारणारा सर्व्हर.) पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसतं लिस्टचं नाव लिहिलेलं असेल, तर त्याला कुठलंही उत्तर म्हणजे 'सापडला'. आमच्या होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर हलवताना न कळवता रिजॉल्व्हर ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक, करून ठेवला होता. बँक, ग्राहक, सरकारी खाती, सगळ्यांची मेल दारातूनच परत.

म्हणून सर्व्हरवर स्वतःचा रिजॉल्व्हर चालवा, त्याला अनबाउंड हे सॉफ्टवेअर पुरतं. कॉन्फिगमध्ये लिस्टच्या नावापुढे कोणती उत्तरं धरायची तेही लिहा. आणि रोज आपोआप तपासा: १२७.०.०.२ विचारलं तर सापडलंच पाहिजे, १२७.०.०.१ कधीच सापडता कामा नये. आरएफसी ५७८२ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) हीच कसोटी दिली आहे. मेलेल्या लिस्टही तिच्यात पकडल्या जातात. ओआरडीबी ही अशीच एक लिस्ट डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, आणि मार्च २००८ मध्ये प्रत्येक आयपीला 'सापडला' म्हणू लागली. ज्यांनी ती ओळ काढली नव्हती त्यांची सगळी मेल अडली.

घाबरू नका, हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण आपलाच आयपी लिस्टमध्ये गेला, तर लॉग न उघडताच "आयपी बदलून टाक" म्हणणाऱ्या सीनियरकडून हे काम शिकू नका. स्पॅम पाठवणारं हॅक झालेलं खातं तसंच राहतं आणि नवा आयपीही चार दिवसांत लिस्टमध्ये जातो.

नाव काढायला पैसे मागणाऱ्या लिस्टला एक रुपयाही देऊ नका. आरएफसी ६४७१ ने अशा वसुलीला खंडणीच्या जवळ जाणारा प्रकार म्हटलं आहे. यूसीईप्रोटेक्ट या लिस्टची तिसरी पातळी तर शेजाऱ्यांच्या स्पॅमसाठी अख्खं नेटवर्कच नोंदवते; तिच्या भरवशावर कुणाची मेल नाकारणं मला अन्याय वाटतो.

साहेब लिस्टवाल्यांना वकिलाची नोटीस पाठवू म्हणाले, तर त्यांना ई३६० या ईमेल मार्केटिंग कंपनीचा खटला सांगा. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने स्पॅमहॉसविरुद्ध १ कोटी १७ लाख डॉलरचा एकतर्फी निकाल दिला होता. २०११ मध्ये अपिलात त्याचे ३ डॉलर उरले. त्यापेक्षा स्पॅम कुठून गेला, काय बंद केलं आणि कधी, हे चार ओळींत लिहून नाव काढायची विनंती करा. चांगल्या लिस्ट ती वाचतात.