मृगाच्या पावसात अख्खी बाग उपटू नका

पहिले दोन पाऊस झाले की मुंबईतल्या रोपवाटिकांसमोर टेम्पो उभे राहतात. गावठाणातल्या अंगणात, सोसायट्यांच्या तळमजल्यालगतच्या पट्ट्यात कुदळी चालू लागतात. वेळ योग्यच आहे, नव्या रोपाला मूळ धरायला जून-जुलैसारखा काळ नाही. पण जुनं सगळं उपटून एकदम नवी बाग लावायचा बेत असेल तर तो सोडा. यंदा जागेचा साधारण चौथा हिस्सा बदला, बाकीचा पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत.

इथे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो झोडपून पडतो. जुलैत एका रात्रीत दोनशे मिलिमीटर झाला की उघड्या मातीचा वरचा, सगळ्यात सुपीक थर थेट गटारात जातो. नकोशी झालेली जुनी झुडपंसुद्धा नवी रोपं रुजेपर्यंत माती धरून ठेवतात, कोवळ्या रोपांवरचा पावसाचा मारा अडवतात. त्यांचा हा उपयोग करून घ्या.

दुसरं कारण उन्हाचं, आणि तिकडे फार कमी लोक लक्ष देतात. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तोच दक्षिणेला उतरून क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंशांवर येतो. म्हणजे मे महिन्यात ऊन मिळणारी उत्तरेकडची गॅलरी दिवाळीनंतर पूर्ण सावलीत जाते, आणि दक्षिणेच्या ग्रिलमध्ये हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येतं. शेजारच्या टॉवरची सावलीही तेव्हा लांब पडते. म्हणून मेमधलं ऊन पाहून गुलाब किंवा मोगऱ्याची कायमची जागा ठरवू नका. डिसेंबरातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊपासून दर दोन तासांनी सावलीची कड खडूने आखा. मोगरा, जास्वंद, लिंबू यांना निदान पाच तास थेट ऊन हवं. ते वर्षभर कुठे मिळतं, हे त्या रेघांवरून कळतं.

आता माती. सोसायटीच्या पट्ट्यात कुदळ एक फूट खाली घाला. बहुतेक ठिकाणी विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि टाइल्सच्या कपच्या निघतील. सिमेंटमधल्या चुन्यामुळे माती विम्लधर्मी (अल्कलाइन) होते आणि झाडाला लोह घेता येत नाही. सोनचाफ्याची किंवा अनंताची कोवळी पानं पिवळी पडलीत पण शिरा हिरव्याच आहेत, असं दिसलं तर खत वाढवून उपयोग नाही, दोष खाली आहे. खड्डा दीड फूट खणा, डेब्रिज बाहेर काढा आणि दोन घमेली लाल मातीला एक घमेलं कुजलेलं शेणखत या हिशेबाने भरा. नुसती लाल माती भरू नका, ती पावसात घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. हे एवढं काम चार खड्ड्यांचं केलं तरी रविवार संपतो, त्यामुळेही थोडं थोडंच बदलावं.

काढायला सुरुवात कुठून? माझं स्पष्ट मत आहे, हिरवळीपासून. विकत आणून पसरलेली लॉन मे महिन्यात रोज पाणी मागते, आणि त्याच महिन्यात शहराला पाणी देणारे भातसा, तानसा, मोडक सागर हे तलाव तळाला गेलेले असतात. जून २०२४ मध्ये शहरात दहा टक्के पाणीकपात होती. पिण्याचं पाणी गवतावर ओतणं मनाला पटत नाही. हिरवळीनंतर टणटणी आणि भिंतीत रुजलेली पिंपळा-उंबराची रोपं काढा. मोठ्या झाडाला मात्र परस्पर हात लावू नका, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार तोडणी-छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मोकळ्या झालेल्या जागेत यंदा झुडपं लावा. तगर, कुंती, जास्वंद, अडुळसा, कोरांटी ही इथल्या पावसाला सरावलेली आहेत आणि एकदा रुजली की मेमध्ये दोन-तीन दिवसांआड पाण्यावर तगतात. तगर आणि जास्वंद विकत आणायचीही गरज नाही. शेजाऱ्यांकडून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंची फांद्या मागून घ्या, खालची पानं काढा, तिरका काप द्या आणि निम्मी फांदी मातीत खोचा. कढीलिंब आणि लिंबू असेल तर फुलपाखरं येतातच. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी, लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच फवारा मारू नका. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी ती अळी याच जातकुळीतल्या फुलपाखरांची असते, चार पानं तिला द्या.

सावलीच्या पट्ट्यात अळू, आलं, हळद, पानओवा, नागवेल. हळदीचे कोंब आत्ता लावले तर गौरी-गणपतीत पातोळ्यांना घरचीच पानं मिळतील. शेवगा लावणार असाल तर खिडकीपासून लांब लावा. वाऱ्यात त्याची फांदी पटकन मोडते आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, त्यांनी अंगाला खाज सुटते.

भाज्यांत भेंडी, काकडी, पडवळ, दोडका, कारलं यांचं बी दोन चांगले पाऊस मुरल्यावर टोका. वेलांसाठी मांडव आधीच उभारा. काकडीत दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘शीतल’, कारल्यात ‘कोकण तारा’ या जाती कोकणातल्या जोरदार पावसासाठीच काढलेल्या आहेत, त्या मिळाल्या तर दुसरं शोधू नका. टोमॅटो, कोबी, कोथिंबीर आत्ता लावली तर सडते. त्यांना दसऱ्यानंतर घ्या.

या दिवसांत रोपांचा मोठा शत्रू म्हणजे आफ्रिकन गोगलगाय. ती रात्री निघते आणि एका रात्रीत भेंडीची कोवळी ओळ साफ करते. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला टाका. सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात बुडवा. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगावर माणसाला बाधणारे परजीवी असू शकतात. कुंडी उचलून खालची मातीही पाहा, साबुदाण्याएवढी फिकट पिवळी अंडी पुंजक्याने सापडतील, तीही नष्ट करा. मीठ मात्र वाफ्यात टाकायचं नाही, माती बिघडते.

कुंड्यांखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच ठेवा. ठेवायच्याच असतील तर आठवड्यातून एकदा पाणी ओतून कडा घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेलाच चिकटलेली असतात. मनी प्लांटच्या बाटल्यांनाही हेच लागू. कठड्यावर कुंडी ठेवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये खत घालू नका, वाहून जाईल. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरू लागला की प्रत्येक झुडपाला दोन मुठी गांडूळखत द्या आणि खोडाभोवती वाळलेल्या पानांचा तीन इंच थर पसरा, पण खोडाला चिकटवू नका. ऑक्टोबरच्या उन्हात कोवळी मुळं याच थराखाली वाचतात. त्याच सुमारास पुढच्या पट्ट्याची माती खणून तपासून ठेवा, लागवड पुढच्या मृगात.