व्हर्च्युअल मशीनची डिस्क व्हर्टआयओवर कशी न्यावी

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू-केव्हीएममध्ये मशीनला आयडीई किंवा साटा या जुन्या पद्धतीची डिस्क दिली, तर हायपरवायझरला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, खऱ्या डिस्क कंट्रोलरची नक्कल करत बसावं लागतं. गेस्टने (व्हर्च्युअल मशीनमधल्या सिस्टिमने) कंट्रोलरच्या रजिस्टरला हात लावला की काम थांबून हायपरवायझरकडे जातं, आणि वेळ तिथेच जातो. व्हर्टआयओ ही खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेली पद्धत आहे; तिच्यात गेस्ट आणि होस्ट (मूळ संगणक) मेमरीतल्या सामायिक रांगेतून थेट देवाणघेवाण करतात. लिनक्स कर्नलमध्ये हे ड्रायव्हर २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ आणि २.६.२५ या आवृत्त्यांपासून आहेत, त्यामुळे वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

तरीही डिस्क बदलल्यावर मशीन सुरू होत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. कारण बहुधा एकच असतं: ड्रायव्हर मूळ डिस्कवर आहे आणि ती डिस्क वाचायलाच तो ड्रायव्हर हवा. म्हणून तो इनिटरामएफएसमध्ये, म्हणजे मूळ डिस्क जोडण्याआधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या इमेजमध्ये, आधीच असला पाहिजे. क्रम चुकवू नका.

पहिल्यांदा स्नॅपशॉट घ्या. मग जुन्याच डिस्कवरून गेस्ट चालू करून बूट फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडा आणि व्हर्टआयओ पीसीआय व व्हर्टआयओ ब्लॉक या दोन नोंदी शोधा. समोर ‘वाय’ असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, पुढचा परिच्छेद सोडून द्या. ‘एम’ असेल तर तो मोड्यूल, म्हणजे वेगळ्या फाइलमधला ड्रायव्हर आहे.

डेबियन-उबुंटूवर इनिटरामएफएस-टूल्सच्या मोड्यूल्स फाइलमध्ये दोन्ही नावं एकेका ओळीवर लिहा आणि इनिटरामएफएस अपडेट करण्याची कमांड चालवा. फेडोरा किंवा रेड हॅटवर हीच इमेज बनवणाऱ्या ड्रॅकटच्या कॉन्फिगमध्ये ‘ॲड ड्रायव्हर्स’ची ओळ घालून ड्रॅकट चालवा. इथे खास लक्ष द्या: ‘होस्टओन्ली’ पद्धतीत ड्रॅकट फक्त समोर दिसणाऱ्या हार्डवेअरपुरतेच ड्रायव्हर घेतो आणि व्हर्टआयओ डिस्क अजून जोडलेलीच नसते. नवी इमेज तयार झाली की तिच्यातल्या फाइलींची यादी काढून मोड्यूल खरंच आत आहे ना, ते डोळ्यांनी बघा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि अडकतात ते इथेच.

आता एफएसटॅब, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची फाइल, बघा. एसडीए असं नाव लिहिलेलं असेल तर त्याजागी यूयूआयडी (विभाजनाची कायम राहणारी ओळख) टाका, कारण व्हर्टआयओ ब्लॉक डिस्क व्हीडीए या नावाने दिसते. कर्नलला दिलेल्या रूटच्या पर्यायातही तेच करा.

मशीन बंद करून डिस्कचा बस प्रकार व्हर्टआयओ करा आणि सुरू करा. मशीन इनिटरामएफएसच्या शेलवर थांबलंच, तर बस पूर्वीसारखा करून परत या. डेटा जागेवरच असतो.

सुरू झाल्यावर हार्डवेअरची यादी दाखवणारी एलएसपीसीआय कमांड ‘के’ पर्यायासह चालवा. डिस्कच्या नोंदीखाली व्हर्टआयओ-पीसीआय ड्रायव्हर वापरात दिसायला हवा. नेटवर्क कार्डही बदलणार असाल तर इंटरफेसचं नाव बदलू शकतं, म्हणून कन्सोल हाताशी ठेवा. फक्त एसएसएचवर विसंबू नका.

गेस्ट विंडोज असेल तर आधी एक छोटी, रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून व्हर्टआयओ-विन या विंडोजसाठीच्या ड्रायव्हर संचातला ड्रायव्हर बसवा, ती डिस्क दिसू लागली की मगच मूळ डिस्क बदला.