ओसीटीवर नवीन बसलाय आणि ऑप्टिक न्यूरायटिसचा, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आलेला, पेशंट आलाय?

बी.ऑप्ट. करून इमेजिंग रूमला लागले तेव्हा मला वाटायचं ओसीटीत, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, आहे काय एवढं, हनुवटी टेकवायची, डोळा फोकसमध्ये घ्यायचा, बटण दाबायचं, रिपोर्ट हिरवा, म्हणजे नॉर्मल, आला की पेशंट खूश आणि आपणही खूश. पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

चोवीस-पंचवीसची मुलगी होती, उजव्या डोळ्याने चार दिवस धूसर दिसतंय आणि डोळा फिरवला की आत दुखतं म्हणाली. आरएनएफएल, म्हणजे डिस्कभोवतीचा (नस पडद्यातून जिथून बाहेर निघते त्या जागेभोवतीचा) नसांच्या तंतूंचा थर, दोन्हीकडे हिरवागार. मी सरांना बिनधास्त सांगितलं, नॉर्मल आहे. सरांनी फक्त टॉर्च इकडून तिकडे फिरवला आणि मला बोलावून उजवी बाहुली बघायला लावली, उजेड पडतोय तरी ती मोठी होत होती. मग लाल मार्करचं टोपण दाखवलं तर डाव्याने लाल आणि उजव्याने "धुऊन धुऊन विटलेल्या ओढणीसारखं" दिसतंय म्हणे. आरएपीडी, म्हणजे बाहुलीचा उजेडाला असा उलटा प्रतिसाद, ठळक, आणि माझा रिपोर्ट नॉर्मल! (तेव्हापासून बाहुली मोठी करायचे ड्रॉप्स टाकायच्या आधी टॉर्च मीच मारून बघते.)

झालं काय होतं, तर सूज डोळ्याच्या मागे नसेत असेल तर पुढे डिस्क चांगलीच दिसते, अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये साधारण दोन तृतीयांश पेशंटची अशीच होती. आणि तंतू मेले तरी थर लगेच बारीक होत नाही, त्याला आठवडे-महिने लागतात. डिस्क सुजलेली असेल तर उलट आकडा फुगतो. म्हणून पहिल्या आठवड्यातलं हिरवं म्हणजे काहीच नाही, खरा हिशोब तीन महिन्यांनी. त्यातही मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाचा, जीसीआयपीएल हा नसेच्या पेशींचा थर जास्त भरवशाचा, तो सुजत नाही आणि आधी बारीक होतो. मात्र सुजलेल्या डिस्कचा स्कॅन असेल तर मशीनने आखलेल्या रेषा एकदा स्वतः बघा, कुठेतरी भलत्याच थरावरून गेलेल्या असतात.

आता माझी दुसरी चूक, ही जास्त महागात पडली. ओपीडीत गर्दी होती, मी फक्त दुखऱ्या डोळ्याचा स्कॅन काढला आणि पेशंट सोडला. पाच महिन्यांनी तोच पेशंट दुसरा डोळा घेऊन आला आणि त्या डोळ्याचा आधीचा एकही आकडा आमच्याकडे नाही. सगळी गंमतच दोन डोळ्यांतल्या फरकात असते हो, ऑप्टिक न्यूरायटिसच्या २०२२ च्या निकषांत त्रास सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जीसीआयपीएलमध्ये ४ मायक्रॉन आणि आरएनएफएलमध्ये ५ मायक्रॉनच्या वर फरक धरलाय, आणि एमएसच्या (मल्टिपल स्क्लेरोसिसच्या) निदानाच्या नव्या मॅकडोनाल्ड निकषांत तर ऑप्टिक नर्व्ह ही आजाराची खूण शोधायची पाचवी जागा म्हणून आली, तिथेही ओसीटी चालतं. त्यामुळे बाहेर कितीही रांग असू दे, दोन्ही डोळे.

एक अडचण पुस्तकात सापडत नाही. या पेशंटला मधोमधच दिसत नसतं, आणि आपण ओरडत बसतो "दिव्याकडे बघा, दिव्याकडे बघा", त्या बिचाऱ्याला दिवाच दिसत नाही. बाहेरचा फिक्सेशन लाइट चांगल्या डोळ्यासमोर धरा आणि त्याच्याकडे बघायला सांगा, हा डोळा आपोआप सरळ होतो. सिग्नल कमी आला तर आधी दोन-तीनदा उघडझाप करायला लावा, कोरड्या डोळ्याने निम्मे स्कॅन वाया जातात. मायनस नंबर मोठा असेल तर रिपोर्ट उगाच लाल येतो, घाबरू नका.

कारणाचं म्हणाल तर स्कॅन निदान करत नाही, पण बोट दाखवतो. दोन्ही डिस्क खूप सुजलेल्या असतील तर डॉक्टरांच्या डोक्यात एमओजी अँटीबॉडीचा आजार येतो. एकाच अटॅकमध्ये नजर पार गेली, नंतर थर भयंकर बारीक झाला, मॅक्युलात बारीक बारीक सिस्ट दिसल्या की अ‍ॅक्वापोरिन-४ अँटीबॉडीच्या आजाराची शंका. एमएसमध्ये डिस्क बहुतेक साधीच असते. मॅक्युलात चांदणीसारखे पांढरे ठिपके दिसले की एमएस मागे पडतं, मग मांजर चावली-ओरबाडली का तेही विचारतात. आणि आपल्याकडे एक प्रश्न कधीच विसरू नका, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का? एथॅम्ब्युटॉलने नजर जाते ती न दुखता आणि दोन्हीकडे, ती सूज नव्हे, पण लेबल मात्र न्यूरायटिसचं लागून येतं. पुढचं काम अँटीबॉडीच्या रक्ततपासणीचं आणि कॉन्ट्रास्ट एमआरआयचं.

आणि प्रिंटवर त्रास कधी सुरू झाला ती तारीख पेनाने लिहा. मशीन स्कॅनची तारीख छापतं, ती नाही, नजर गेली ती. "दिवाळीच्या आसपास" असं सांगतात, तर तेच लिहा, पण लिहा.