पहिले मॉनिटर घेताना आधी खोली मोजा

घरी मिक्सिंग, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज जुळवणं, सुरू केलं तेव्हा वूफर (स्पीकरमधला बास वाजवणारा मोठा कोन) जितका मोठा तितका बास खरा, असं मी धरूनच चाललो होतो. म्हणून पहिल्याच खेपेला आठ इंची वूफरचे मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगसाठीचे स्पीकर, घेतले. खोली जेमतेम 3.4 मीटर लांब, आणि टेबल अशा ठिकाणी की मी बरोबर मधोमध बसायचो. खोलीत गाणं नेटकं वाटायचं. तेच गाडीत लावलं की किक (ड्रमसेटमधला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) इतकी घुमायची की गायकाचे शब्द बुडून जायचे. चार-पाच महिने मी प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारी छोटी सॉफ्टवेअर) बदलत राहिलो, कधी दुसरा कॉम्प्रेसर, कधी दुसरा इक्यू. चूक तिथे नव्हतीच.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. या आकड्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागलं की त्या खोलीची सर्वांत खालची घुमणारी फ्रिक्वेन्सी मिळते. माझ्या खोलीत ती 50 हर्ट्झच्या आसपास येते. ही फ्रिक्वेन्सी भिंतींजवळ जोरात ऐकू येते आणि लांबीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीशी होते. तिची दुप्पट, म्हणजे 100 हर्ट्झ, त्याच मध्यावर फुगते. मी नेमका तिथेच खुर्ची टाकून बसलो होतो. किकचा तळ ऐकू येईना म्हणून 50 वाढवायचो, मधला भाग गुबगुबीत वाटतो म्हणून 100 कापायचो. गाडीत ही खोली नव्हती, तिथे माझे दोन्ही बदल उघडे पडत होते.

हे कळल्यावर खुर्ची समोरच्या भिंतीपासून साधारण 1.3 मीटरवर आणली. लांबीच्या 38 टक्क्यांवर बसा, असा एक ठोकताळा आहे, तो इथे चालला. एक पैसा न खर्चता किकचा तळ परत आला. त्यामुळे नव्याने मॉनिटर घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा खोलीची लांबी, रुंदी आणि उंची विचारतो. स्पीकरची गोष्ट त्यानंतर.

छोट्या खोलीला पाच इंची वूफर पुरतो, हे माझं ठाम मत आहे. आठ इंची स्पीकर वाईट नसतो. पण तो जो खालचा बास खोलीत ओततो, तो खोलीला पेलत नाही, आणि मग ऐकू येतो तो खोलीचा आवाज. पाच इंची मॉनिटर खाली कमी जातो हे खरं आहे. बास गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झवर वाजते. यामाहाच्या एचएस5 चा कंपनीने दिलेला आकडा 54 हर्ट्झपासून सुरू होतो, तोही आवाज 10 डेसिबलने पडल्यानंतरचा. म्हणजे त्या तारेचा मूळ सूर जवळपास ऐकू येणार नाही, तुम्हाला भेटेल तो 82 हर्ट्झचा त्याचा वरचा सूर. एवढं माहीत असलं की काम होतं: खालचा पट्टा चांगल्या हेडफोनवर तपासायचा आणि बाकी सगळं स्पीकरवर ठरवायचं. गाण्यातला जीव, म्हणजे गळा, गिटार, स्नेअर, शब्दांची स्पष्टता, मधल्या पट्ट्यात असतो. तिथे स्पीकर खरा बोलला पाहिजे.

यामाहाचा एनएस-10 याच गुणामुळे स्टुडिओत टिकला. 1978 साली तो घरी गाणी ऐकण्यासाठीचा साधा स्पीकर म्हणून बाजारात आला. बंद पेटी, पांढरा कोन, बास अगदी कमी आणि मधला पट्टा टोचणारा. ऐकायला सुखाचा नाही. पण मिक्समधली चूक तो लपवत नसे, आणि 2001 मध्ये बंद होईपर्यंत जगभरच्या स्टुडिओंतल्या मिक्सिंग कन्सोलवर त्याची जोडी दिसायची. ज्यांनी त्यावर काम केलं त्यांना त्याचा स्वभाव पाठ होता. परवडणाऱ्या मॉनिटरकडूनही मला तेवढंच हवं असतं: स्वभाव पाठ करता येईल असा स्पीकर.

खोक्यावरचे आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. ‘45 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पुढे अधिक-उणे 3 डेसिबल लिहिलंय की उणे 10, ते बघा. दोन कंपन्यांचे आकडे वेगळ्या मापाने दिलेले असतील तर तुलना करूच नका. दुसरं म्हणजे वॉट. 50 ऐवजी 100 वॉट घेतले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. हातभर अंतरावर बसून काम करणाऱ्याला एवढ्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

पोर्ट, म्हणजे पेटीतला बास बाहेर सोडणारं भोक, कुठे आहे हे मात्र बघा. एचएस5, जेबीएलचा 305पी मार्क टू, अ‍ॅडमचा टी5व्ही यांचे पोर्ट मागे आहेत, तर केआरके रॉकिट 5 आणि कालीचा एलपी-6 यांचे पुढे. मागे पोर्ट असेल तर भिंतीला चिकटवून ठेवू नका, थोडी मोकळी जागा सोडा. पण पुढे पोर्ट आहे म्हणून भिंतीचा त्रास संपला असंही नाही. बास स्पीकरच्या चारी बाजूंनी पसरतो, मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला मूळ आवाज खाऊन टाकतो. वूफरपासून भिंत 1 मीटरवर असेल तर तो खड्डा 86 हर्ट्झला पडतो, ऐन बासच्या पट्ट्यात. 20 सेंटीमीटरवर असेल तर 430 च्या आसपास सरकतो, आणि तिथे जाड रॉकवूलचं पॅनल त्याला बऱ्यापैकी आवरतं. म्हणून छोट्या खोलीत स्पीकर भिंतीजवळ ठेवून त्याच्या पाठीवरचा, बास कमी करणारा स्विच वापरणं मला जास्त पटतं. असा स्विच नसलेला मॉनिटर मी घेणार नाही. पातळ फोम भिंतीभर लावू नका, तो फक्त वरचा आवाज पितो आणि बास तसाच राहतो.

ऐकून निवड करायची संधी मिळाली तर स्वतःची तीन गाणी न्या, पाठ असलेली: एक गळ्याभोवती फिरणारं, एक भरपूर बासचं, एक खूप वाद्यांचं. दोन्ही जोड्यांचा आवाज आधी सारखा करून घ्या, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी सरस वाटतो. मोनो आवाज (दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच) लावून बघा, गळा दोन स्पीकरच्या बरोबर मधून आला पाहिजे, धूसर नको. मग गाणं थांबवून ट्वीटरजवळ (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या कोनाजवळ) कान न्या. स्वस्त मॉनिटरमध्ये बारीक सूं-सूं आवाज असतोच, पण तो बसल्या जागी ऐकू येत असेल तर रात्रीच्या शांततेत रोज छळेल.

जोडणी बॅलन्स्ड केबलनेच (बाहेरचा विद्युत गोंगाट रोखणाऱ्या) करा. साध्या आरसीए केबलमुळे माझ्याकडे कित्येक दिवस गुणगुण येत होती, केबल बदलल्यावर ती थांबली. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. आणि आवाज रोज एकाच पातळीवर ठेवा. कान हळू आवाजात बास कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच मोजून दाखवलं. नॉबवर खूण करून ठेवलीत की निर्णय रोज बदलत नाहीत. छोट्या खोलीत 75 डेसिबलच्या आसपास मला बरं पडतं.

पाच इंची जोडी आल्यावर पहिले दोन आठवडे मी मिक्सला हातच लावला नाही. ओळखीची गाणी ऐकली, आणि 40 ते 200 हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवत कुठला दबतो, कुठला फुगतो ते वहीत लिहिलं. 110 च्या आसपास एक फुगवटा अजून आहे, तो मला माहीत आहे. मग जुनी गाणी उघडली. जवळपास प्रत्येकात किक 3-4 डेसिबलने खाली आणावी लागली, आणि 100 हर्ट्झला कापलेलं सगळं परत जोडावं लागलं.